जळालेल्या मोटरचं तांबं परत येतं, चुंबकाचं काय?

भटवाडीकर
घाटकोपरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी २७ वर्षं बसतोय. सोसायट्यांचे पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटरी, आणि हल्ली इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातल्या मोटरी येतात.

पंपाची मोटर जळून आली की कॉइल कापायची, स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) तापवायचा, तांबं ओढून काढायचं. काळंठिक्कर असतं, पण काट्यावर टाकलं की रोख पैसे. झाडताना सापडलेली तारसुद्धा पोरगा उचलून डब्यात टाकतो. तांब्याचा तुकडा आमच्याकडून कचऱ्यात जात नाही.

परवा स्कूटरच्या चाकातली एक मोटर, म्हणजे हब मोटर, उघडली. साचलेल्या पाण्यातून गाडी गेलेली, आत गंज. रिंगला चिकटवलेल्या चुंबकाच्या चपट्या पट्ट्या, वरचा मुलामा उडालेला, दोन-तीन पट्ट्यांचा तर भुगा. भंगारवाल्याला भाव विचारला तर म्हणाला, ‘लोखंडात टाक.’ त्या पट्ट्यांत निओडिमियम नावाचा धातू आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने असल्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा इथल्या गाड्यांच्या कारखान्यांची धावपळ झाली. आणि माझ्या दारातून तोच माल लोखंडाच्या भट्टीत जातो. जीव तुटतो.

कोळसा आणि पेट्रोल सोडलंच पाहिजे, त्यात मला शंका नाही. पण साऱ्या जगाच्या गाड्या, पवनचक्क्या, तारा यांना पुरेल एवढा धातू जमिनीत आहे का?

खाणवाट
खाणीत नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. जमिनीत आहे, पण दगडातलं तांब्याचं प्रमाण, म्हणजे प्रत, कमी होत चाललंय. जगातलं जवळपास पाव तांबं चिलीतून येतं आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या खाणींत प्रत १ टक्क्याच्या खाली गेली आहे. ०.६ टक्के प्रत धरा, तर १ किलो तांब्यासाठी १७० किलोच्या आसपास दगड भरडावा लागतो. वरचा उपसलेला दगड वेगळा. वाळवंटातल्या खाणीला समुद्राचं पाणी गोडं करून ३,००० मीटर उंचीवर चढवावं लागतं. साठा सापडल्यापासून माल हाती येईपर्यंत १५ वर्षं सहज जातात. पेट्रोलच्या गाडीत २०-२५ किलो तांबं, विजेच्या गाडीत ८० च्या घरात. अडचण वेगाची आहे.

निओडिमियम ‘रेअर अर्थ’ म्हणजे ‘दुर्मिळ’ म्हणवणाऱ्या धातूंतलं, पण नावाएवढं दुर्मिळ नाहीच. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहे, ते काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या प्रभादेवीत आहे. पण एकमेकांसारखेच वागणारे हे धातू वेगळे करणं फार किचकट, आणि तो धंदा चीनने काही दशकं खपून हातात घेतला.

कारशेड
भटवाडीकर, तुमच्या पंपात चुंबक असतं का? नाही ना! लोकलच्या नव्या गाड्यांतही इंडक्शन मोटरच आहे. नुसतं तांबं, पोलाद आणि ॲल्युमिनियम. सगळीकडे चुंबक लागतंच असं नाही. बॅटरीतल्या कोबाल्टचंही तेच झालं. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोतून येतं, तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात. आता लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत कोबाल्टही नाही, निकेलही नाही.

भटवाडीकर
इंडक्शनचं पटलं. पण स्कूटरच्या चाकात जागाच एवढीशी, तिथे चुंबकाची मोटरच बसते. म्हणजे पट्ट्या येतच राहणार.

खाणवाट, १७० किलोचा आकडा डोक्यातून जात नाही. काल एका पंपातून ३ किलो तांबं निघालं, म्हणजे टेम्पोभर दगड वाचला.

पट्ट्या मी वेगळ्या ठेवायला लागलोय. रिंग तापवली की गोंद सुटतो, जास्त तापली तर चुंबकपणाही जातो, मग हाताळायला सोपं. भुगा मात्र कोरडा ठेवायचा नाही, पेट घेतो. पत्र्याच्या डब्यात ४ किलो जमलंय. शेजारच्या दोन दुकानांनाही सांगितलंय. असा माल घेणारं मुंबई-ठाण्यात कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा. भाव लोखंडाचाच दिला तरी चालेल, फक्त भट्टीत जायला नको.