पाठीवर दाणे असलेला तो किडा

तुम्ही विचारलंत, करमळीच्या तळ्यात दिसलेल्या त्या तपकिरी, चपट्या किड्याच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखं काय चिकटलंय, बुरशी की रोग? दोन्ही नाही हो, ती अंडी आहेत. आणि गंमत म्हणजे ती वाहणारा बाप आहे! हा बहुतेक डिप्लोनिकस, ढेकणाच्याच गणातला पाणकिडा. मादी नराच्या पाठीवर एकेक अंडं डकवते आणि चालती होते. पुढची सगळी उस्तवार त्याची. अंड्यांना हवा लागावी म्हणून तो पाण्याच्या वरच्या थराशी येऊन थांबतो, मध्येच मागचे पाय त्यांवरून फिरवतो. पंखांवरच ओझं, त्यामुळे तोवर उडणंही बंद. पिल्लं बाहेर पडली की रिकामी टरफलं गळून जातात.

आमच्या डिचोलीकडे देवळाच्या तळीच्या पायरीवर बसून मी हे कितीदा पाहिलंय. डासांच्या अळ्या पकडतो, सोंड खुपसून आतला रस शोषतो. म्हणून तळीत असलेला बराच. फक्त ओंजळीत घेऊ नका. मी घेतला होता, बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.