हॅस्केल: युनिप्लेटच्या 'युनिव्हर्स'ला स्कोप (नाव कुठवर लागू) कळत नाही, काय करू?

मंडळी, हौसेखातर हॅस्केलमध्ये एक चिमुकली प्रोग्रामिंग भाषा लिहितोय. तिच्यासाठी एचलिंटसारखा (तो हॅस्केलचा) छोटा लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या खोड्या दाखवणारं टूल, हवाय. पहिला नियम साधाच: लेटने ('लेट नाव = किंमत इन बॉडी') नाव बांधलं आणि पुढे वापरलंच नाही, तर इशारा.

आधी सगळं रिकर्शन हाताने लिहिलं. अठरा कन्स्ट्रक्टर (कोडच्या वृक्षातले नोडचे प्रकार), त्यातल्या पंधरांत नुसतं 'पोरांकडे जा, परत ये'. वैतागलो. एचलिंट स्वतः युनिप्लेट (असे वृक्ष फिरायची लायब्ररी) वापरतं हे कळलं, म्हणून तेच घेतलं. 'डेटा' क्लास डिराइव्ह केला (कंपायलरकडून आपोआप लिहून घेतला) आणि 'बॉडीचं युनिव्हर्स काढ, त्यातले व्हार गोळा कर' (व्हार म्हणजे नाव वापरणारा नोड) एका ओळीत बसलं. दोन दिवस हवेत होतो. मग हे आलं:

लेट क्ष = ५ इन (लेट क्ष = ७ इन क्ष + १)

बाहेरचा क्ष कुणीच वापरत नाही. पण युनिव्हर्स सगळे उपवृक्ष एका सपाट यादीत ओततं, त्यात आतला क्ष सापडतो आणि लिंटर गप्प बसतो. एसवायबी या तशाच दुसऱ्या लायब्ररीचं 'एव्हरीथिंग' करून पाहिलं, तिथेही तेच रडगाणं. परत अठरा केसेस लिहायच्या जिवावर आलंय. मधला मार्ग आहे का?

प्रतिसाद:
'पॅरा' बघितलंत का? युनिप्लेटमध्येच आहे. तुमच्या फंक्शनला नोड मिळतो आणि सोबत त्याच्या पोरांची उत्तरं यादीत. त्यातून मुक्त (आत कुठे न बांधलेल्या) नावांचा सेट काढा. व्हारला एकच नाव. लेटला दोन सेट मिळतील, किमतीचा आणि बॉडीचा. बॉडीच्या सेटमधून नाव वगळून दोन्ही जोडा (लेट रिकर्सिव्ह असेल तर दोन्हींतून वगळा). बाकी सगळ्या प्रकारांना मिळून एकच अंडरस्कोरची ओळ आणि युनियन्स (पोरांचे सेट एकत्र). लेट शोधायला युनिव्हर्सच ठेवा, फक्त प्रत्येकाच्या बॉडीवर हे फंक्शन चालवा.

खोच त्या अंडरस्कोरमध्ये आहे. उद्या लॅम्डा (निनावी फंक्शन, तेही नाव बांधतं) आणलात तर तो गुपचूप तिथे जाईल, कंपायलर हूं की चूं करणार नाही.

आणि हा नियम एचलिंटच्या कोडमध्ये शोधू नका. ते फक्त पार्स केलेला कोड बघतं. न वापरलेल्या नावांचा इशारा जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर देतो, तोही कुठलं नाव कुठलं हे ठरवून झाल्यावर.

धागाकर्ता:
चाललं! बाहेरच्या क्षवर इशारा, आतल्यावर नाही. लॅम्डा मात्र कालच घातला होता, तो खरंच अंडरस्कोरमध्ये जाऊन बसला होता.

आता 'केस' उरलंय, म्हणजे पॅटर्न जुळेल ती फांदी निवडणारा कन्स्ट्रक्टर; प्रत्येक पॅटर्न आपल्या फांदीपुरती नावं बांधतो. पॅराच्या यादीत सगळ्या फांद्यांची उत्तरं एकापाठोपाठ येतात. कुठल्या उत्तरातून कुठल्या पॅटर्नची नावं वगळायची? क्रमाने झिप करू (जोड्या लावू), की एवढा एक कन्स्ट्रक्टर हातानेच लिहू?