अपघात लपवून विकलेली जुनी स्पोर्ट्स कार : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात इंदूरमधील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून मी दोन दारांची स्पोर्ट्स कार २४ लाख रुपयांना घेतली. गाडीला कधीही अपघात झालेला नाही, असे त्यांनी तोंडी सांगितले होते. ते लेखी घेतले नाही, हा माझा गाढवपणा. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडी डावीकडे ओढू लागली, म्हणून ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. त्यांनी रंगाची जाडी मोजली, तेव्हा इतरत्र सुमारे १३० मायक्रॉन असलेला थर पुढच्या डाव्या मडगार्डवर ४०० च्या वर निघाला, म्हणजे खाली पुट्टी भरलेली आहे, आणि बॉनेटखालच्या चॅसीच्या दांड्यावर वेल्डिंगही दिसले. विक्रेता आता फोन उचलत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे. परंतु आधीच्या मालकाने घेतलेल्या विमा दाव्याची नोंद मला कशी मिळवता येईल, आणि वकिलाची नोटीस पाठवण्यापूर्वी स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल घ्यावा का? इंदुरात असा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. दुरुस्ती तोपर्यंत थांबवली आहे.