नाईटविश तार्याबरोबर संपला नाही

नाईटविश या फिनलंडच्या मेटल (जोरकस रॉक) बँडबद्दल "पहिली गायिका तार्या गेली तिथंच नाईटविश संपला" असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. तिचं श्रेय मोठंच आहे. १९९६ मध्ये पूर्व फिनलंडमधल्या कितेए या छोट्या गावात संस्थापक तुओमास होलोपायनेनच्या मनात होतं ते शेकोटीभोवती बसून वाजवावं असं अकूस्टिक संगीत. पण तार्या तुरुनेनचा शास्त्रीय गायकीत घडलेला आवाज त्या हलक्या गिटारला पेलवेना. म्हणून इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम आले. म्हणजे आवाजासाठी मेटल आलं, मेटलसाठी आवाज नव्हे!

२००४ च्या 'वन्स' या अल्बममध्ये लंडनचा ऑर्केस्ट्रा होता. पुढच्याच वर्षी हेलसिंकीची मैफल संपल्यावर बँडनं तार्याला खुलं पत्र देऊन काढलं. ती पद्धत मला आजही खटकते.

तरीही २०१३ च्या वाकेन या जर्मनीतल्या मेटल महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम एकदा पाहाच. 'घोस्ट लव्ह स्कोर' हे दहा मिनिटांचं, तार्याच्या काळातलं गाणं. शेवटच्या आवर्तनात नंतरची गायिका फ्लोर यान्सन मूळ चाल सोडून सूर थेट वर नेते, तेव्हा माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आणि हे सगळं रचणारा तुओमास पहिल्या दिवसापासून तिथंच, कीबोर्डमागे उभा आहे.