अनुभव धागा: तयारीचा उपदेश की ऐनवेळचा?

सगळ्यांना सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या एकच वाद पेटलाय. कमिटीतले काही म्हणतात, वर्षभराचे शास्त्रपाठ, म्हणजे कुठल्या रविवारी बायबलमधला कुठला उतारा, जानेवारीतच ठरवून छापून टाकू. बाकीचे म्हणतात, तक्ता छापला की पवित्र आत्म्याला रजा दिल्यासारखंच. एकीकडून करिंथकरांस पत्रातलं 'सगळं व्यवस्थित होऊ द्या' येतं, दुसरीकडून मार्क 13:11, काय बोलावं याची आधीपासून काळजी करू नका. (ते वचन धरून नेलेल्या, अधिकाऱ्यांपुढे उभं केलेल्या माणसांसाठी आहे, रविवारच्या उपासनेसाठी नाही, असं माझं मत. असो.) वचनं पुरे झाली. तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. सुरुवात मी करतो.

आमची उपासना दुपारी बाराची. देऊळ एक, भाषा चार: सकाळी इंग्रजी, मग तमीळ, मग आम्ही, आणि दोनच्या ठोक्याला हिंदीवाले दारात उभे. एका रविवारी पाहुणे उपदेशक पनवेलहून यायचे होते आणि हार्बरला मेगाब्लॉक. पावणेबाराला फोन: 'वाशीला अडकलोय.' कमिटीतल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी तरुण संघाचा सेक्रेटरी. प्रेषितांची कृत्ये 8 काढला, रथात बसून यशया वाचणारा अधिकारी आणि वाटेतच त्याला समजावून सांगणारा फिलिप्प. पुलपीटचा कठडा घट्ट धरून अकरा मिनिटं बोललो. घामेजलेल्या अंगठ्याचा ठसा त्या पानावर अजून आहे. बाहेर आल्यावर एक मावशी डोळे पुसत म्हणाल्या, 'आत्म्यानं बोललास रे!' मी मान खाली घातली. महिन्याभरापूर्वी तरुण संघात याच उताऱ्याचा अभ्यास घेतला होता, चार पानं टिपणं काढून. दुसरं काही आठवतच नव्हतं.

सायनहून

आमचे आधीचे पाळक कागद कधीच न्यायचे नाहीत. डोळे मिटायचे, बायबल उघडायचं, निघेल त्या पानावर बोलायचं. पहिले काही महिने मी अगदी भारावून गेले होते. मग लक्षात आलं, पान कुठलंही निघो, गाडी शेवटी दशांशावरच, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावरच, येऊन थांबते. मलाखी 3:10 चं पान त्यांच्या बायबलात आपोआप उघडत असणार. हबक्कूक हे बायबलातलं छोटंसं पुस्तक मात्र चार वर्षांत एकदाही निघाला नाही.

माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. त्यांची रविवारची वाचनं 1969 पासून तीन वर्षांच्या चक्रात बसवलेली आहेत: एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक. फादरांना आवडो न आवडो, उतारा समोर येणारच. तिला आमच्या मोकळेपणाचा हेवा वाटतो, मला तिच्या तक्त्याचा.

वसईहून

सायनच्या ताई, तक्त्याबद्दल माझंही ऐका.

आमच्या गावातला एकोणीस वर्षांचा मुलगा विरार गाडीतून पडून गेला. शुक्रवारी. रविवारी मिस्साला त्याची आई पहिल्या बाकावर होती. शुभवर्तमान द्राक्षमळ्यातल्या मजुरांचं, मत्तय 20. प्रवचन कागदावरून वाचलं गेलं, त्यात कामाचा मोबदला होता, समाधान होतं, मुलाचं नाव नव्हतं. पोप फ्रान्सिस 2024 मध्ये म्हणाले होते की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये. हे सहा मिनिटांतच आटोपलं, म्हणजे तक्रार वेळेची नाहीच. त्या उताऱ्यात दिवस मावळताना आलेल्या, तासभरच राबलेल्या मजुरालाही दिवसाची पूर्ण मजुरी मिळते. त्या आईसाठी याहून जवळचा उतारा मुद्दाम शोधूनही सापडला नसता. तो समोर उघडाच होता. कागदावरून मान तेवढी वर केली असती!

मढहून, धर्मशिक्षणाची टीचर

माझ्या वर्गात बहुतेक मुलं कोळ्यांची. त्या दिवशी योहान 21 होता. जाळं माशांनी भरतं, मग येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. मी प्रश्नोत्तरं, चित्रं, सगळं घेऊन गेले होते. एका मुलीनं मध्येच विचारलं, 'टीचर, मासे एकशे त्रेपन्न हे मोजत कोण बसला?' माझ्या पुस्तकात उत्तर नाही. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, 'मोजल्याबिगर वाटा कसा पाडणार?'

मग धडा गेला वाहून. होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती, खलाशाला काय उरतं, सगळं त्यांनी मला फळ्यावर लिहायला लावलं. होडी पेत्राची असेल तर त्याचा वाटा मोठा, यावर एकमत झालं. आणि तीच मुलगी हळूच म्हणाली, 'मग आधी येशूमागं सगळं सोडून गेलेला, तेव्हा लय सोडलेलं ना त्यानं!'

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. तोच प्रश्न वहीत लिहून नेला. कुणी विचारेना, म्हणून मीच विचारला. सगळी गप्प. एकानं पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं.

परळहून

वडील ख्रिस्ती कीर्तन करायचे. पूर्वरंग घोटून पाठ, आख्यान मात्र समोर गिरणी कामगार बसलेत की शाळेची पोरं, ते बघून वळवायचे. त्यांची वही माझ्याकडे आहे. उधळ्या पुत्राच्या आख्यानात समासात पेन्सिलीनं लिहिलंय: 'येथे बाया रडल्या. थांबणे.' दोन पानांनंतर: 'येथे कोणी हसले नाही. गाळणे.'

हे तयारीत मोडतं की ऐनवेळच्यात, तुम्हीच ठरवा.

सायनहून, पुन्हा

धागा काढणाऱ्या दादांना एक विचारायचं राहिलं. पनवेलचे उपदेशक शेवटी पोचले का?

धागाकर्ता

पोचले, आशीर्वाद देण्यापुरते. हिंदीवाले चपला काढून आत यायलाही लागले होते. त्यांचा टाइप केलेला उपदेश, सात पानं, माझ्या फायलीत पडून आहे. पुढच्या मेगाब्लॉकला तोच वाचेन म्हणतो.