फांदीवर पपईची फोड लावून पक्ष्यांचे फोटो: मला हे पटत नाही

रानवाट_सत्तरी (धागाकर्ता)

डिसेंबर उजाडला की आपल्या गोव्यातल्या फोटो ग्रुपांवर एकाच साच्याचे फोटो सुरू होतात. शेवाळलेली सुंदर फांदी, मागे एकसंध हिरवा पडदा आणि मधोमध आपला राज्यपक्षी, लालकंठी बुलबुल. फांदीच्या मागच्या अंगाला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, पपईची फोड खिळ्याला टोचलेली असते. आता हे घरोघरच्या परसात पोचलं आहे. कुणी पोफळीला बाजरीची बाटली टांगतं, कुणी शिंजिरांसाठी, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी, साखरपाण्याची लाल नळी. काही जण तर बाजारातून जिवंत अळ्या आणून दगडावर सोडतात, म्हणजे नवरंग किंवा कस्तुर समोर येऊन उभा राहतो.

परसात पक्षी यावेत, त्यांचे फोटो काढावेत, यात वावगं काहीच नाही. पण त्यासाठी अन्न मांडू नये. पाणी ठेवावं, झाडं लावावीत आणि वाट पाहावी.

बाजरी टांगली की आधी येतात कबुतरं. भात टाकला की कावळे येतात, आणि एकदा कावळ्यांची वर्दळ सुरू झाली की आसपासच्या बुलबुलांची, शिंजिरांची घरटी सुरक्षित राहत नाहीत. खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, उंदरांमागे धामण आणि नाग. साखरपाणी आपल्या उन्हात लवकर आंबतं. मुळात शिंजिराला साखरेची गरज नाही, त्याला जास्वंद, केळफूल आणि फेब्रुवारी-मार्चात फुलणारा पांगारा पुरतो. शिवाय पिल्लांना तो मध पाजून वाढवत नाही, कोळी आणि बारीक किडे भरवतो. किडे मारायचं औषध फवारलेल्या बागेत साखरेची नळी लटकवली तर पिल्लाच्या चोचीत काय पडणार?

आंब्यावरचं बांडगूळ आपण दिसेल तिथे तोडतो. बागायतीत ते तोडावंच लागतं, मान्य. पण परसातल्या एखाद्या म्हाताऱ्या आंब्यावर एक झुबका राहू द्या आणि फळ धरल्यावर खाली उभे राहा. अंगठ्याएवढा फुलटोच्या टिक् टिक् करत येतो, फळ गिळतो, आणि चिकट बी सुटत नाही म्हणून फांदीवर इकडून तिकडे अंग पुसत बसतो. तो फोटो पपईच्या फोडीवर कधीच मिळणार नाही, कारण त्यात पक्षी आपलं आयुष्य जगत असतो.

लेन्सवाला_म्हापसा

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे एकांगी वाटतं. माझ्या परसातल्या पपईच्या झाडावर फळ पिकलं की बुलबुल, कुटुरगा आणि कोकिळा ते चोचीने पोखरतातच. तेच फळ मी कापून पाच फुटांवरच्या फांदीला लावलं तर पक्ष्याच्या पोटात वेगळं काय गेलं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्याला घरात फोटो मिळत नाही तो कुठे जातो? घरट्यावर. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यासमोर माणसं आडवी येणारी पानं कापून उभी असतात. पानं गेली की पिल्लांवर ऊन आणि कावळ्याची नजर, दोन्ही पडतं. पपईची फोड या सगळ्यापेक्षा हजारपट निरुपद्रवी आहे. नवशिक्याला परसात फोटो मिळू द्या, तो घरट्याच्या वाटेला जाणार नाही.

जास्वंद_फोंडा

मी फोटो मोबाइलवरच काढते, त्यामुळे तुमच्या वादात बोलावं की नाही कळेना. पण 'अन्न मांडू नये' हे वाक्य मला लागलं. आमच्या घरी जेवायच्या आधी कावळ्याचा घास बाहेर जातो. नवं भात आलं की कणसांची जुडी दारावर बांधतात आणि चिमण्या, मुनिया ती चाखून जातात. माझी सासू म्हणायची, त्यांचा वाटा काढल्याशिवाय नवं खाऊ नये. पक्ष्याला घास देणं हा आपल्याकडे उपद्रव कधीपासून झाला?

गुडघ्यांमुळे मला बोंडल्याच्या किंवा मोल्याच्या रानात जाणं जमत नाही. चोडणच्या सलीम अली अभयारण्यातही होडीत चढणं-उतरणं आता होत नाही. माझं रान म्हणजे मागचं दार. तिथे केळ्याचा तुकडा ठेवला की तांबट येतो. तो माझ्यापासून दोन हातांवर बसतो तेव्हा चोचीच्या मुळाशी उभ्या राहिलेल्या मिशा दिसतात, कपाळावरचा लाल ठिपका दिसतो. हे बंद करा म्हणता?

रानवाट_सत्तरी

ताई, तुमच्या दारातली जुडी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. ती वर्षातून एकदा बांधली जाते, दाणे संपले की संपली. माझा विरोध आहे तो रोज, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, प्रकाश बघून मांडलेल्या अन्नाला.

म्हापश्याच्या मित्राचं घरट्यांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, घरट्यावरचे फोटो बंदच व्हायला हवेत. पण घरट्यावर जाणारा पपईने थांबतो, हे मला दिसत नाही. सोपा फोटो मिळाला की पुढचा अजून सोपा हवा असतो. फळ झाल्यावर अळ्या, अळ्यांनंतर मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवणं. आवाज ऐकून पक्षी येतो तो हद्दीत घुसलेल्या नराला हाकलायला.

पशुवैद्य_मडगाव

रोगांचा मुद्दा राहून गेला, म्हणून लिहितो. एकाच थाळीवर अनेक पक्षी आले की लाळ आणि विष्ठा एकत्र येते. इंग्लंडमध्ये 2005 पासून ट्रायकोमोनास या परजीवीने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या खूप घटवली, आणि त्याचा प्रसार दाण्यांच्या थाळ्या व पाण्याच्या भांड्यांवरून होतो. अमेरिकेत 1994 पासून हाउस फिंचमध्ये डोळे सुजवणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू पसरला, तोही थाळ्यांवरून. 2021 मध्ये तिथे पश्चिम किनाऱ्याकडे साल्मोनेला या जिवाणूने पक्षी मरू लागले, तेव्हा लोकांना काही काळ थाळ्या उतरवायला सांगावं लागलं.

आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. जून ते सप्टेंबर शेंगदाणे बाहेर राहिले की बुरशी धरतात आणि तिचं विष यकृतावर जातं. ज्यांना खाऊ घालायचंच आहे त्यांनी पावसाळ्यात दाणे पूर्ण बंद ठेवावेत. फळ सकाळी ठेवावं, दुपारी उचलावं. भांडं दर आठ-पंधरा दिवसांनी घासून, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून धुवावं, खळखळून पुन्हा धुवावं आणि उन्हात पूर्ण वाळवावं. एखादा पक्षी पिसं फुगवून मरगळून बसलेला दिसला तर त्या दिवशीच सगळं उतरवावं.

धागाकर्त्यांनाही सांगतो, पाण्याला हेच लागू आहे. ट्रायकोमोनास पाण्यातूनही जातो. आठवडाभर पाणी बदललं नाही तर डासांची पैदास होते. नुसतं ओतून उपयोग नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. नारळाच्या सोडणाने पाण्याचं परळ, म्हणजे ते उथळ भांडं, आतून घासलंच पाहिजे.

कुळागरकार

फोटोवाल्यांनो, शेजाऱ्याचा विचार कोण करणार? आमच्या शेजारच्या बंगल्यात केळी आणि पपई टांगायला लागले तेव्हापासून माकडांचा कळप रोज त्या वाटेने येतो. तिथलं फळ दहा मिनिटांत संपतं, मग उरलेला दिवस ती माझ्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत. शहाळी, केळी, भिरंडं (कोकमाची फळं), काही सोडत नाहीत. त्यांना पक्षी दिसले, मला नुकसान झालं. बिबळ्याच्या वाटेवर बकरी बांधली तर गाव जाब विचारेल. माकडांच्या वाटेवर फळ टांगलं तर का नाही विचारायचा?

मोलेवाट

मी वाटाड्या आहे. मोल्याच्या बाजूला लहान होमस्टे आहे, त्यात पक्ष्यांना न दिसता बसून फोटो काढायचं लपणं बांधलं आहे. हिवाळ्यात पाहुणे नवरंग, केशरी कस्तुर, निळा रॉबिन बघायला येतात. हे पक्षी फळाला फारसे भुलत नाहीत. त्यांना ओला पालापाचोळा आणि अळ्या लागतात. अळ्या ठेवल्या नाहीत तर पाहुणा दोन दिवस बसून रिकाम्या हाताने परत जातो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. त्या पैशांवर माझ्या वाड्यावरची तीन-चार घरं चालतात, आणि म्हणूनच त्या घरांतली पोरं आता गलोल घेऊन फिरत नाहीत.

2020 मध्ये रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी मोल्याच्या रानातून नेण्याविरुद्ध लोक उभे राहिले. त्यांतल्या कितीतरी जणांनी ते रान आमच्यासारख्यांच्या लपणांतूनच पहिल्यांदा पाहिलं होतं. ज्याने पक्षी जवळून पाहिलाच नाही तो रानासाठी रस्त्यावर येईल का?

रानवाट_सत्तरी

भाऊ, तुमच्या पोटावर बोलायचा मला हक्क नाही, हे आधी. पण आपल्याच हद्दीपलीकडे कर्नाटकात गणेशगुडीला पाण्याच्या कुंडांवर वर्षानुवर्षं फोटो निघतात. पाण्यावर नवरंग येतो, कस्तुर येतो, हरेवा येतो. फरक एवढाच की पाण्यावर तो त्याला तहान लागेल तेव्हा येतो.

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी माझी मांडणी सांगतो. मातीचं उथळ परळ, पाणी दोन इंचांच्या आत, मधे खडबडीत दगड, म्हणजे फुलटोच्यालाही पाय टेकता येतो. मांजर लपेल अशा झुडपापासून दहा-बारा फूट लांब, पण वर बसायला फांदी हवी. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी फांदीवर बसून चारी बाजू बघतो. फोटो तिथे काढायचा. मागची झाडी फांदीपासून पंधरा-वीस फूट दूर असली की हिरवा पडदा आपोआप मिळतो. हिरवी शेडनेट बांधून तिच्या मागे बसावं, फ्लॅश नको. मार्च ते मे, दुपारी तीननंतर, सातभाईंची टोळी एकदम उतरते आणि पाणी उडवायला लागते, तेव्हा शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त ठेवा.

लेन्सवाला_म्हापसा

पाण्याची मांडणी मी करून बघतो, यात वाद नाही. पण पाणी ठेवून फांदी मोक्याच्या जागी रोवणं आणि पपई लावून फांदी रोवणं, दोन्हीत पक्ष्याला आपणच बोलावतो आहोत. एक पवित्र आणि दुसरं पाप, हे मी मानत नाही. फोटोखाली 'परसात फळ ठेवून काढलेला' असं स्पष्ट लिहायचं, एवढी अट घाला. ती मी आजपासून पाळतो.

जास्वंद_फोंडा

डॉक्टरांचं पटलं. केळ्याचा तुकडा दुपारी उचलत जाईन, भांडं घासत जाईन. बंद मात्र करणार नाही. कुळागरकार भाऊ, आमच्याकडे माकडं येत नाहीत. आली तर त्या दिवशी थांबवीन.

मोलेवाट

दादा, पाण्याची दोन कुंडं या जानेवारीतच करतो. अळ्यांचं या हंगामात सुटणार नाही, मार्चपर्यंतच्या पाहुण्यांना शब्द दिलेला आहे. आवाज वाजवणं मात्र माझ्या लपणात आधीपासूनच बंद आहे, तो मुद्दा मला लावू नका.

रानवाट_सत्तरी

आवाजाचा मुद्दा मागे घेतो, भाऊ, तुमच्यापुरता. अळ्यांवर आपलं जमणार नाही. कुंडं झाली की कळवा, बांधायला मी येतो.