स्टेंट किती मिलीमीटरचा, ते आधी बघा

हार्ट अटॅकनंतर स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसला की दरवर्षी सीटी अँजिओ (डाय, म्हणजे नसा उठून दिसायचं औषध टोचून हृदयाचा सीटी स्कॅन) करावी, म्हणजे मनगटातून नळी घालून नेहमीची अँजिओग्राफी करायची वेळ येत नाही, असा सल्ला ऐकायला मिळतो. सरसकट हे पटत नाही. काही त्रास नसताना दरवर्षी स्कॅन करायची गरजच नसते. शिवाय स्टेंट धातूचा. सीटीत धातू आहे त्याहून जाड दिसतो आणि त्या पांढऱ्या चमकेत आतली पोकळी झाकली जाते. स्टेंट ३ मिमी किंवा त्याहून रुंद असेल तर आतलं बऱ्यापैकी कळतं, बारीक असेल तर भरवसा नाही. बायपास ऑपरेशनमध्ये जोडलेल्या नसा मात्र सीटीत छान दिसतात, तिथे ती खरंच उपयोगी.

आमच्या बाबांचा स्टेंट २.५ मिमीचा. दीड वर्षाने चालताना छाती भरून यायला लागली, म्हणून सीटी केली. नाडी ८४ होती, आणि ती जलद असली की चित्र हलतं. गोळी देऊन ती साठीपर्यंत उतरायची वाट बघत तासभर बाहेर बसवलं. बाबा सारखे विचारत होते, "झाली का गं कमी?" रिपोर्टमध्ये काय, तर स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही! शेवटी नेहमीची अँजिओग्राफी करावीच लागली. म्हणजे डाय दोनदा, आणि डायचा ताण किडनीवर येऊ शकतो, त्यात त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच काठावर. फार जीव टांगणीला लागला होता तेव्हा. डिस्चार्जच्या फाइलमध्ये स्टेंटचा स्टिकर असतो, त्यावर रुंदी आणि लांबी छापलेली असते. अपॉइंटमेंट घेण्याआधी तो आकडा डॉक्टरांना दाखवा.